मध्ये खांब नसलेली खोली

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या उंच काठावर खापा वसलेलं आहे. सातपुड्यातून उतरलेली कन्हान पावसाळ्यात गढूळ होऊन दरड कापत जाते, आणि चैत्र लागला की वाळूचा मोठा पट्टा उघडा टाकून एका अंगाला सरकते. आसपास संत्र्याचे बगीचे, जवळच गुमगावची मँगनीजची खाण, आणि गावात विणकरांची जुनी वस्ती. हातमागावर कापड विणणारं गाव म्हणून खाप्याचं नाव जुन्या नोंदींत येतं. १९०१ च्या शिरगणतीत इथली लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास होती. एवढ्या लहान गावात नगरपालिका आली ती १८६७ मध्ये.

हे साल वाचलं की मी दरवेळी थबकतो. भोसल्यांचं नागपूर खालसा होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती, मध्य प्रांत स्थापन होऊन सहा. मुंबईहून निघालेली रेल्वे त्याच वर्षी नागपूरला पोचली. राष्ट्रीय सभा जन्माला यायला अजून अठरा वर्षं होती. अशा काळात कन्हानकाठच्या या विणकरांच्या गावात रस्ता, दिवाबत्ती, गटार, बाजार यांचा विचार करायला एक कमिटी बसवली गेली. उमरेड आणि रामटेक इथल्या नगरपालिकाही त्याच वर्षाच्या. नागपूर शहराची तीन वर्षं आधीची.

नगरपालिका आली म्हणजे लोकांचं राज्य आलं, असं मात्र नव्हतं. सुरुवातीच्या कमिट्यांवर सरकारी अंमलदारांचा वरचष्मा होता. त्यांच्या जोडीला सरकारनंच नेमलेले मालगुजार, सावकार, व्यापारी. पुढे १८ मे १८८२ चा लॉर्ड रिपनचा ठराव आला, निवडून दिलेल्या सभासदांची संख्या वाढत गेली, पण मताचा अधिकार मालमत्ता आणि कर भरण्याशी बांधलेला राहिला. मागावर बसणाऱ्याला, शेतमजुराला आणि कुठल्याच बाईला त्यात जागा नव्हती. गावात येणाऱ्या मालावर चुंगी बसे, नाक्यावर ती गोळा होई आणि तिच्यातून गावाचा खर्च निघे. म्हणजे आठवडी बाजारात गाडी घेऊन येणारा शेतकरीही त्या पैशात आपला वाटा टाकत होता, फक्त त्या पैशाचं काय करायचं हे विचारायला त्याला कुणी बोलावत नव्हतं.

तरीही एक गोष्ट घडली होती. गावाच्या कामासाठी बसायचं, बोलायचं, वाद घालायचा आणि ठरलं ते कागदावर लिहून त्याखाली सही करायची, असा रिवाज सुरू झाला होता. आणि बसायचं म्हटलं की जागा लागते. पाटलाची ओसरी चालत नाही, कारण ती पाटलाची असते. देवळाचा मंडप चालत नाही, कारण तिथं सगळ्यांना प्रवेश नसे. मालगुजाराच्या वाड्यात बसलं तर मालगुजारासमोर तोंड उघडायची पंचाईत. कुणाच्याही मालकीची नाही अशी खोली गावाला पहिल्यांदा हवी झाली. विदर्भातल्या जुन्या नगरपालिकांच्या गावांत जे टाऊन हॉल उभे राहिले, त्यांच्यामागे माझ्या मते ही गरज आहे. दर्शनी कमानी, गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव कोरलेली शिळा, त्यावरचं राजाचं चिन्ह, हे सगळं नंतरचं.

अशी खोली बांधायची म्हणजे अडचण कशाची असते, हे समजून घेतल्याशिवाय या इमारती समजत नाहीत. अडचण खांबाची असते.

आपल्याकडे घर खणांत मोजायची रीत होती. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर केवढं, तर पाच खणी, सात खणी. तुळई जेवढी लांब मिळेल आणि जेवढं ओझं पेलेल, तेवढाच खण. साधी लाकडी तुळई बारा-पंधरा फुटांच्या पुढे गेली की मध्यात झुकायला लागते, मग घरमालक कितीही पैसेवाला असो. म्हणून आपले वाडे वाढले ते खणांची संख्या वाढवत. मोठ्या सरदाराचा दिवाणखानाही खांबांच्या रांगा घेऊनच बसलेला असे. विणकराच्या घरात माग मांडलेला खण सगळ्यांत महत्त्वाचा, बाकीचं बिऱ्हाड उरलेल्या जागेत.

दगडाची गोष्ट आणखी वेगळी. दगड दाबाला खंबीर, ताणाला दुबळा. दगडी तुळईच्या खालच्या अंगावर ताण येतो आणि ती तिथूनच तडकते, म्हणून दगडी मंडपात खांब जवळजवळ उभे करावे लागतात. खाप्यापासून फार दूर नसलेल्या रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली नरसिंहाची देवळं आहेत. त्यांच्या मंडपात उभं राहिलं की जाड खांबांमधून दिसणारा तो काळोख मनावर दाटून येतो. तिथं खांब अडचण करत नाहीत. दर्शनाला आलेल्या प्रत्येकाची नजर गाभाऱ्याकडे असते. शेजारचा दिसला काय, न दिसला काय. कीर्तनातही तेच. बुवा समोर असतात, त्यांचा आवाज येतो तेवढं पुरतं.

सभेत मात्र सगळ्यांनी एकाच दिशेला पाहून चालत नाही. सभेत माणसं एकमेकांकडे पाहतात. बोलणाऱ्याचा चेहरा, त्याला विरोध करणाऱ्याचा चेहरा, गप्प बसलेल्याचाही चेहरा दिसावा लागतो. खांबाआड बसलेल्या सभासदाचा हात वर झालेला अध्यक्षाला दिसला नाही, तर तो सभासद असून नसल्यासारखा. म्हणून सभागृहाच्या बांधणीचा पहिला नियम असा की मध्ये खांब नको. पंचवीस-तीस फूट रुंद, चाळीस-पन्नास फूट लांब अशी मोकळी खोली आज कुणालाही साधी वाटेल. एकोणिसाव्या शतकातल्या लहान गावात ती नवलाची होती. गावातल्या बहुतेकांनी एवढी रुंद, मध्ये काहीच नसलेली जागा छपराखाली कधी पाहिलेली नसणार.

ती शक्य झाली कैचीमुळे. जुन्या टाऊन हॉलमध्ये कुठं छताखालचं लाकडी वा पत्र्याचं अस्तर निघालेलं असेल, तर मान वर करून कैची नीट पाहावी. दोन तिरपे वासे शेंड्याला एकत्र येतात आणि छपराचं ओझं घेऊन भिंती बाहेर ढकलू पाहतात. खालची आडवी तुळई त्यांचे पाय धरून ठेवते. मधोमध एक उभा दांडा असतो. तो आडव्या तुळईवर उभा राहून शेंड्याला टेकू देतो आहे, असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो शेंड्यापासून खाली लोंबत असतो आणि तुळईला मध्यात झुकू देत नाही. म्हणजे जो खांब जमिनीवर आला असता, तो सुताराने वर उचलून छपरात टांगला. या एका युक्तीनं खोली मोकळी झाली. एका उभ्या दांड्याची कैची तीस फुटांपर्यंत जाते, दोन दांड्यांची चाळीसच्या आसपास. खोलीची रुंदी कैची ठरवते, लांबी हवी तेवढी वाढवा, कैच्या ओळीनं मांडत जा. म्हणून ही सभागृहं बहुधा लांबट असतात. अध्यक्षाची खुर्ची अरुंद बाजूला, सभासद दोन लांब बाजूंनी समोरासमोर. बसण्याची ही रीतही छपरानंच घालून दिलेली आहे.

सातपुड्याच्या पायथ्याला सागवानाची ददात नव्हती. कन्हान आणि पेंच ज्या डोंगरांतून येतात तिथं चांगला सागवान होता. दगडाचंही तसंच. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे काळा दगड, कामठी-सिलेवाड्याच्या बाजूला वालुकाश्म. ज्याला जे जवळ पडेल त्याचं जोतं. भिंती विटांच्या, दीड-दोन फूट जाड, चुन्यात बांधलेल्या. चुना घाणीत मळायचा, बैल फिरवून, दिवसेंदिवस. त्यात कुणी गूळ घाली, कुणी बेलफळाचं पाणी. चुन्याचा धर्म सावकाश घट्ट होण्याचा आहे. तो हवेतला कर्बवायू घेत घेत वर्षानुवर्षं दगडाकडे जातो. भिंतीत ओल शिरली तर ती बाहेरही जाऊ देतो. बारीक चिरा पडल्या तर पाण्यातून झिरपणारा चुनाच त्या काही प्रमाणात बुजवतो. दीडशे वर्षांच्या इमारती आज उभ्या आहेत त्यात या संथपणाचा वाटा मोठा आहे.

आणि उन्हाळा. विदर्भातल्या वास्तूबद्दल बोलताना उन्हाळ्याला वगळता येत नाही. पारा सत्तेचाळीसपर्यंत जातो तिथं चाळीस माणसांना दुपारी एका खोलीत बसवून नालीच्या खर्चावर डोकं शांत ठेवून चर्चा करायला लावायची, हे बांधणाऱ्यापुढचं आव्हान होतं. म्हणून छत सोळा-अठरा फुटांवर. तापलेली हवा वर जावी आणि भिंतीच्या माथ्यावरच्या लहान झरोक्यांतून बाहेर पडावी. दारं समोरासमोर, म्हणजे वारा आरपार. छपरावर कवेलू, त्यांच्या फटींतून छप्परही श्वास घेतं. चारी बाजूंनी किंवा निदान दोन बाजूंनी रुंद वरांडा, म्हणजे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारलं की आत येणारा वारा गार आणि सुगंधी. यातला प्रत्येक भाग माणसाच्या शरीराचा विचार करून बसवलेला आहे. आजच्या काचेच्या दर्शनी इमारतींत बसून घाम पुसताना हे फार आठवतं.

वरांड्याविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे. या इमारतींचा सगळ्यांत लोकशाही भाग वरांडा होता, असं माझं मत आहे. आत बसायचा अधिकार मोजक्यांना. पण दारं उघडी, उन्हाळ्यामुळे उघडी ठेवावीच लागणार, आणि बाहेर सावली. ज्याचं काम अडलं आहे, ज्याच्या गल्लीतल्या विहिरीचा विषय आहे, ज्याला नुसतीच उत्सुकता आहे, तो वरांड्यात भिंतीला टेकून उभा राहू शकत होता. आतलं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं. आत कोण काय म्हणालं ते संध्याकाळी बाजारात त्याच्याच तोंडून पसरत होतं. सभासदाला आपलं बोलणं बाहेर ऐकलं जातं आहे याची जाणीव ठेवावी लागे. हा आराखडा कुणी मुद्दाम आखला नसेल. उन्हानं तो घडवला.

आता दर्शनी बाजू. लहान गावांच्या टाऊन हॉलना चेहरा द्यायची वेळ आली तेव्हा गवंड्यांपुढे आणि ओव्हरसिअरपुढे मोठ्या शहरांची उदाहरणं होती. मुंबईचा टाऊन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला. कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनिअरचं काम. ग्रीक धाटणीचे डोरिक खांब, समोर रुंद पायऱ्यांची उतरंड. त्यासाठी पैसा आधी लॉटऱ्या काढून जमवायचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही, मग सरकारनं भर घातली. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. आज तिथं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळातला, चार्ल्स मँट याच्या आराखड्याचा. टोकदार कमानी, उतरती छपरं, उंच मनोरे अशी गॉथिक घडण, पण कोल्हापूरच्या काळ्या दगडात. हाच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा शिल्पी. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या वस्तूंसाठी संग्रहालय हवं झालं आणि ते टाऊन हॉलमध्ये आलं. आज कोल्हापूरकर तिथं ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती पाहायला जातात.

लहान गावाकडे ना ग्रीक खांबांना पैसा होता, ना मँटसारखा शिल्पी. मग गवंड्यानं चुन्याच्या गिलाव्यातच खांबांचा आभास काढला. दारावर अर्धगोल कमान, तिच्या मध्याला चावीचा दगड, त्यावर कधी कमळ, कधी मोर. दर्शनी भिंतीवर त्रिकोणी माथा, पण त्याच्यामागून डोकावणारं छप्पर कवेलूंचं. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात या मिश्रणाला जागा मिळत नाही. मला ते मनापासून आवडतं. ज्या हातांनी देवळाच्या शिखरावर चुन्याची वेल काढली, त्याच हातांनी टाऊन हॉलच्या कमानीवर काढली. गावानं परक्या नमुन्यावर आपला हात फिरवलेला दिसतो, आणि तो हात कसबी आहे.

आवाजाचा विचार त्या काळी कुणी कितपत केला, ते सांगणं अवघड. त्याचं शास्त्रच तेव्हा झालेलं नव्हतं. १८९५ च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात बोललेलं कुणालाच कळेना. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. रात्री, शहर शांत झालं की, तो शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून त्या सभागृहात मांडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्या रिकाम्या सभागृहात एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहत असे. पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन आदळत. सॅबाइननं नियम काढला: खोली जितकी मोठी तितका आवाज रेंगाळतो, आणि खोलीत आवाज शोषून घेणारं जितकं जास्त तितका लवकर विरतो. माणसांचे कपडे, लाकूड, कापड आवाज शोषतात. उघडी खिडकी तर तो पूर्णच घेऊन जाते. सॅबाइननं मोजमापाचं एककच उघडी खिडकी धरलं होतं.

हे वाचल्यावर आपली जुनी सभागृहं मला नव्यानं कळली. समोरासमोर उघडी दारं, वर झरोके, कवेलूंचं छप्पर, लाकडी अस्तर, खाली सतरंजी आणि वर माणसं. अशा खोलीत ध्वनिक्षेपकाशिवाय बोललेलं शेवटच्या रांगेत पोचतं. तिथं ओरडावं लागत नाही, म्हणून वाद घालतानाही समजुतीनं बोलता येतं. याउलट सिमेंटच्या भिंती, चकचकीत टाइल्स, बंद काचा अशा नव्या हॉलमध्ये माईकशिवाय काही कळत नाही. आणि माईक ज्याच्या हातात, त्याचंच बोलणं पुढे जातं. सभागृहाच्या बांधणीचा आणि आत होणाऱ्या चर्चेच्या दर्जाचा संबंध असतो, हे मी आग्रहानं सांगेन.

या वास्तूंविषयी इतक्या प्रेमानं लिहिताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. चांगली बांधलेली खोली आतल्या माणसांना चांगलं करत नाही. महाडची नगरपालिका आठवावी. मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं ठीक. तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह सभामंडपातून निघून तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडलं. लहान गावातल्या सभागृहात बसून केलेला एक ठराव, मग तो रद्द करणारा दुसरा ठराव, आणि मधल्या काळात इतिहास बदलून टाकणारी माणसं त्या खोलीच्या बाहेर, उन्हात.

दुसरा प्रश्न पैशाचा. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी पालिकेनं हजार रुपये खर्चावेत असा विषय १८८० मध्ये आला, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटे होते. हा पैसा शिक्षणासाठी वापरा, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या मंडईच्या इमारतीवर पैसा घालण्यालाही त्यांचा विरोध होता. ती मंडई उभी राहिली आणि आज फुल्यांच्याच नावानं ओळखली जाते. सार्वजनिक इमारतीबद्दल लिहिणाऱ्यानं फुल्यांचा हा विरोध कायम समोर ठेवायला हवा. प्रत्येक कमानीचा पैसा कुठून तरी आलेला असतो आणि तो दुसऱ्या कशावर तरी खर्च होऊ शकला असता. तरीही मला वाटतं, फुल्यांचा तो एकट्याचा विरोध आज आपल्याला माहीत आहे कारण तो सभेत, सगळ्यांसमोर, नोंद होईल असा केलेला होता. विरोध नोंदवता येईल अशी जागा असणं हे गावासाठी शाळेइतकंच मोलाचं आहे.

खाप्याच्या नगरपालिकेनं राज्यं किती बदललेली पाहिली! मध्य प्रांत, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाड, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९६५ च्या कायद्यानं साऱ्या महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचा कारभार एका साच्यात आला. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीनं १९९३ पासून त्यांना घटनात्मक आधार मिळाला. १९९९ मध्ये नगरपालिका हद्दीतली जकात बंद झाली आणि चुंगी नाक्यांच्या टपऱ्या ओस पडल्या. महिलांसाठी आधी एकतृतीयांश आणि मग निम्म्या जागा राखीव झाल्या. ज्या सभागृहांच्या आराखड्यात बाईसाठी स्वच्छतागृहाचाही विचार नव्हता, तिथं आता निम्म्या खुर्च्या तिच्या आहेत. राजधान्या बदलल्या, कायदे बदलले. गावानं एकत्र बसून ठरवायचं, हे टिकलं.

अशा वेळी जुने टाऊन हॉल पाडले जातात याचं दुःख होतं. रीत ठरलेली आहे. आधी कवेलू फेरणारे मिळत नाहीत म्हणून छपरावर टिना येतात आणि खोली भट्टी होते. मग भिंतींना ओल लागली म्हणून चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढतो. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, ती आतच मुरते, विटा भुसभुशीत होतात, गिलावा पोपडे धरून पडतो. वरांडा भिंती घालून बंद करतात, तिथं रेकॉर्ड रूम होते, आणि वारा थांबतो. शेवटी एक दिवस इमारत धोकादायक ठरते. सागवान लिलावात जातो. जागेवर खाली गाळे, वर हॉल असं संकुल उभं राहतं. गाळ्यांचं भाडं नगरपरिषदेला हवं असतं, ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. चुंगी गेल्यावर लहान नगरपरिषदांचे हात बांधले गेले आहेत. पण ओल चुन्यानं बरी झाली असती, वरांडा उघडला असता तर वारा आला असता, आणि जुना सागवान आज कुठल्याही किमतीला तसा मिळत नाही.

मुंबईनं १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली केली; नागपूर शहरालाही वारसा समिती आहे. लहान गावांच्या वाट्याला असलं काही क्वचितच येतं. तिथल्या टाऊन हॉलचं राखणं गावाच्या मनावरच अवलंबून असतं. आणि राखायचं म्हणजे कुलूप लावून नव्हे. कोल्हापूरचं संग्रहालय चांगलं आहे, मुंबईचं ग्रंथालय अमोल आहे, पण लहान गावच्या सभागृहाचा खरा उपयोग सभा हाच. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करा, स्वच्छतागृहं बांधा, वीज नव्यानं ओढा, लागेल तिथं छपराला लोखंडाचा आधार द्या. जुन्या कैचीला त्यानं कमीपणा येत नाही. सभा तिथं भरली पाहिजे. २०२१ नंतर मुदत संपलेल्या राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. त्या काळात सभागृहांत खुर्च्या मांडलेल्या राहिल्या आणि ठराव एका सहीनं झाले. इमारत शाबूत असून सभागृह मोडतं ते असं.

म्हणून खाप्यापासून उमरेड-रामटेकपर्यंत, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या नगरपालिकेच्या गावात राहणाऱ्या वाचकांना माझं सांगणं आहे. तुमच्या गावात असा हॉल असेल तर एकदा आत जा, मान वर करून कैच्या मोजा, खोलीची लांबी-रुंदी टेपानं घ्या, चारी बाजूंचे फोटो काढा, आणि जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाला त्याचा मोजणी-नकाशा करून द्यायला सांगा. पाडण्याचा विषय कधी अजेंड्यावर आला तर हा नकाशा हातात असला पाहिजे. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा सामान्यतः लोकांना खुली असते. पुढची सभा कधी आहे ते मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा आणि जाऊन बसा.